आधी जमीन, मग ट्रॅक्टर, शेवटी खड्डा मशीन

दिवाळीच्या सुमारास बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात भाताची कापणी उरकत आलेली असते आणि खाचरातली ओल अजून पुरती गेलेली नसते. माती मुठीत दाबली तर गोळा होतो, पण बोटांना चिकटत नाही. खांब रोवायला वर्षातला सर्वांत सोयीचा काळ हा वाफशाचा. मे महिन्यात हीच जमीन पहारीलाही दाद देत नाही आणि जुलैत हीच माती पात्याला लपेटून बसते. त्यामुळे कुंपण, मांडव, शेडनेट यांच्या खड्ड्यांची लगबग आता सुरू होते आणि छोट्या ट्रॅक्टरला कोणते खड्डा मशीन बसेल, हे विचारायला लोक येऊ लागतात. शेती अवजारांची निवड आणि जोडणी हेच माझे काम. बहुतेकांचा पहिला प्रश्न ऑगर, म्हणजे या मशीनचा माती काढणारा स्क्रू, किती इंची घ्यायचा, हा असतो. माझा आग्रह असा की, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी जमीन पाहावी, मग ट्रॅक्टर मोजावा आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी.

आपली जमीन एकसारखी नाही. उल्हासनगरला लागून असलेल्या म्हारळ, वरप, कांबा या गावांत नदीकाठी गाळाची माती आहे. तिथे ऑगर सहज उतरतो. बदलापूरच्या खाचरांत वर चिकट माती आणि खाली मुरूम. डोंगराच्या बाजूला सरकावे तसा वीतभर मातीखाली काळा पाषाण लागतो. दख्खनच्या लाव्हारसातून घडलेला हा प्रदेश. अंबरनाथचे इ. स. १०६० मधले शिवमंदिर याच काळ्या दगडात उभे आहे. त्या दगडात ट्रॅक्टरचा ऑगर चालत नाही, कितीही महागाचा घेतला तरी. म्हणून खरेदीपूर्वी कुंपणाच्या रेषेवर ठिकठिकाणी दोन फूट पहार मारून पाहावी. पहार रुतली तर साधी पाती पुरतात. करकरली तर मुरूम आहे, तिथे कार्बाइड टोकाचे दात आणि मंद गती हवी. खणखणली तर तेवढ्या खांबांसाठी ब्रेकर भाड्याने आणावा.

आता खड्ड्याचे माप. तीन फूट खोलीच्या खड्ड्यातून ६ इंची ऑगर साधारण १७ लिटर माती काढतो, ९ इंची ३८ लिटर, १२ इंची ६७ लिटर आणि १८ इंची दीडशे लिटर. व्यास दुप्पट झाला की माती चौपट होते आणि हा सारा भार ट्रॅक्टरवर येतो. चार इंची चौकोनी सिमेंट खांबाचा कर्ण पावणेसहा इंचांच्या आत असतो. त्याला ९ इंची खड्डा पुरतो आणि भोवती काँक्रीट ठासायलाही जागा राहते. कुंपणाला १२ इंचीची गरज क्वचितच पडते. खोली मात्र कमी करू नये. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली ती बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान. उल्हास नदीच्या त्या काठावर मी दोन फुटांऐवजी अडीच फूट खोल जायला सांगतो, कारण पुराच्या पाण्याने भिजलेला गाळ खांबाला धरून ठेवत नाही.

मग ट्रॅक्टर. आपल्याकडे या कामाला महिंद्रा जिवो २४५, कुबोटा निओस्टार, व्हीएसटी शक्ती असे १८ ते २७ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर दिसतात. पण बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. खड्डा मशीनपर्यंत पोहोचते ती पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची, आणि ती साधारण १० ते १५ टक्के कमी भरते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात हा आकडा मिळतो, तो विक्रेत्याकडून मागून घ्यावा. पीटीओला १५ अश्वशक्ती मिळत असेल, तर आपल्या मातीत ९ इंची ऑगर निर्धास्त चालतो आणि वाफशावर १२ इंचीही चालतो. त्यापुढचा मोह टाळावा.

दुसरे माप उचलण्याचे. या वर्गातल्या ट्रॅक्टरची उचलक्षमता कागदावर भरपूर दिसते, पण ती लोअर लिंकच्या टोकाशी किंवा त्याच्या थोडी मागे मोजलेली असते. खड्डा मशीनचा गिअरबॉक्स आणि ऑगर त्याहून बरेच मागे लोंबतात. पात्यांवर ओली माती चढली की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. पुढे वजने लावली नसतील तर लावून घ्यावीत. लिफ्ट पूर्ण वर घेऊन लिंकच्या टोकाची जमिनीपासूनची उंचीही टेपने मोजावी. छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट कमी उंच जाते. ऑगर लांब असेल, तर त्याचे टोक खड्ड्याबाहेर येतच नाही आणि खाचराच्या बांधावर आपटते.

जोडणीत सर्वाधिक नुकसान होते ते पीटीओ शाफ्टच्या लांबीमुळे. शाफ्ट कारखान्यातून लांबच येतो, तो आपल्या ट्रॅक्टरप्रमाणे कापावा लागतो. इंजिन बंद ठेवून, बूम, म्हणजे गिअरबॉक्स ज्याला लोंबतो तो दांडा, जॅकवर किंवा ठोकळ्यावर टेकवून सावकाश वर-खाली करावा आणि दोन टोकांतले सर्वांत कमी व सर्वांत जास्त अंतर मोजावे. सर्वांत कमी अंतरावरही आतल्या नळीला किमान इंचभर मोकळीक हवी. नाहीतर शाफ्ट ताठ होऊन पीटीओचे बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचे सील फोडतो. सर्वांत जास्त अंतरावर दोन्ही नळ्या निदान सहा इंच एकमेकींत राहायला हव्यात. कापताना आतली-बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक कवचे सारखीच कापावीत, कडांची धार घासून काढावी, ग्रीस भरावे आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवावेत. उल्हासनगर-अंबरनाथमध्ये हे काम नीट करून देणारे लेथवाले भरपूर आहेत. मोजमाप मात्र ट्रॅक्टरजवळ उभे राहून स्वतः घ्यावे.

बूम टॉप लिंकच्या जागी फिरत्या पिनवर बसतो आणि लोअर लिंक त्याला फक्त उचलतात. गिअरबॉक्स बूमला मोकळा लोंबत राहिला पाहिजे. तो मोकळा असला तरच ऑगर ओळंब्यात राहतो. कुणी तो वेल्डिंगने पक्का करून देतो म्हणाला, तर करू देऊ नये. लिफ्ट खाली दाब देत नाही, ती फक्त वर ओढते. ऑगर स्वतःच्या वजनाने आणि टोकाच्या आट्याने उतरतो. म्हणूनच एकदम खाली सोडला तर तो स्क्रूसारखा मातीत रुतून बसतो. अर्धा फूट उतरवावा, वर घ्यावा, माती झटकून पुन्हा उतरवावा. इंजिनाची गती कमीच ठेवावी. गिअरबॉक्स पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांचे साधारण १८० करतो आणि मुरमाला तेही जास्तच होतात.

बदलापूर आणि आसपास जांभळाची झाडे लावणारे वाढत आहेत. तिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कलमांसाठी एक मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्याची शिफारस असते आणि छोट्या ट्रॅक्टरने तेवढा ऑगर ओढवत नाही. आखणीच्या चारही कोपऱ्यांत ९ इंची खड्डे घ्यावेत आणि मधली माती कुदळीने पाडावी. कष्ट वाचतात. ओल्या चिकणमातीत ऑगर खड्ड्याच्या भिंती घोटून गुळगुळीत करतो आणि मुळे त्या भिंतीत न शिरता आतल्या आत गोल फिरतात. लावणीपूर्वी कुदळीने त्या भिंती खरवडल्याच पाहिजेत.

आणि जीव. पीटीओ शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. शर्टाची बाही, पंचा, ओढणी त्यात अडकली तर माणसाला मागे सरायला वेळच मिळत नाही. शाफ्टचे कवच फुटलेले असेल, तर ते बदलेपर्यंत काम थांबवावे. ऑगर दगडात अडकला की शिअर बोल्ट तुटतो आणि बाकीचे यंत्र वाचते. त्या जागी जास्त मजबूत बोल्ट टाकला, तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स फुटतो. बोल्टचा दांडा बाहेर डोकावता कामा नये, कारण कपडा तिथेच अडकतो. रुतलेला ऑगर सोडवताना इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच पाइप पान्याने उलटा फिरवावा. ऑगरवर भार यावा म्हणून कुणालाही बूमवर उभे करू नये. वस्तीलगत खणताना पाण्याचे पाइप, वीज केबल आणि गॅसवाहिनी यांची नगरपालिकेत व संबंधित कार्यालयात चौकशी केल्याशिवाय पहिला खड्डा घेऊ नये.

खड्डा मशीन वर्षातले मोजके दिवस चालते आणि उरलेला काळ गोठ्यात उभे राहते. एकट्या शेतकऱ्याने त्यात पैसे अडकवण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून घेतलेले बरे. मात्र वाटून घ्यायचे ते मशीन. शाफ्ट प्रत्येक ट्रॅक्टरच्या मापाचा वेगळा असावा, त्यावर मालकाचे नाव रंगवावे आणि शिअर बोल्टची पुडी मशीनसोबतच फिरावी. एका जादा शाफ्टचा खर्च फुटलेल्या गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी कमी असतो. खरेदी ठरवण्याआधी विक्रेत्याला एवढेच सांगावे : मशीन माझ्या ट्रॅक्टरला जोडा, माझ्या जमिनीत, सर्वांत कठीण जागी तीन खड्डे घेऊन दाखवा. जो विक्रेता याला तयार होईल, त्याच्याशीच दराची बोलणी करावीत.