देव कूस बदलतो तेव्हा



आषाढ शुद्ध एकादशीला देव निजतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मधल्या एका एकादशीची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. भाद्रपद शुद्ध एकादशी, परिवर्तिनी तिचे नाव. निजलेला देव त्या दिवशी कूस बदलतो. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्या दिवशी तुळशीला पाणी घालताना त्या हमखास म्हणायच्या, "देवानं कूस बदलली, आता हवा पलटणार. पोरींनो, दही आवरतं घ्या."

आणि हवा पलटतेच. पावसाची उघडीप वाढते. ऊन श्रावणासारखे कोवळे राहत नाही, पाठीला चटका देते. खाली जमीन ओली, वर सूर्य तापलेला, आणि पहाटे गोठ्याच्या पत्र्यावरून दव ठिबकते. आमच्या पुरंदर तालुक्यात याच दिवसांत सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या लागतात. आणि याच दिवसांत घरोघरी कुणाचे डोके दुखते, कुणाच्या तोंडात फोड येतात, कुणाच्या छातीत जळजळते. शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, अशी जुनी थट्टा आहे. लेकरांना ती उपाशी राहू देत नाही!

चरकसंहितेत याचे कारण सांगितले आहे. पावसाळ्यात शरीरात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने एकदम उसळते. म्हणून या दिवसांत भात, गहू, जव खावे. गोडसर, थोडे कडू, पचायला हलके खावे. दही आणि तेलकट टाळावे. दुपारची झोप टाळावी, ऊन टाळावे, दवात बसू नये. आता आपल्या चातुर्मासाचे नेम आठवा. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल सोडायचे. सासूबाईंनी चरकाचे नाव ऐकले नव्हते, पण भाद्रपदात त्यांच्या शिंक्यावर दह्याचे गाडगे दिसत नसे. (आश्विनात दूध सोडणाऱ्या घरांतही कोजागरीला पातेले चढतेच. देव त्याला हसत असेल, रागावत नसेल.)

पंचांग वाचायचे ते यासाठी, असे मला वाटते. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. १३ सप्टेंबरच्या सुमारास तो उत्तरा नक्षत्रात जातो, २७ च्या सुमारास हस्तात, १० ऑक्टोबरच्या मागेपुढे चित्रात आणि २४ च्या आसपास स्वातीत. शेतकऱ्याला या चार नावांत अख्खा ऋतू दिसतो. हस्ताला आपण हत्ती म्हणतो. पाटावर हत्ती काढून मुली हादग्याचा फेर धरतात, आणि त्याच पावसाच्या ओलीवर रब्बीच्या ज्वारीची आशा असते. चित्रात घामाच्या धारा लागतात. स्वाती संपता संपता पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. आकाशाकडे बघून शेताला आणि अंगाला आज काय हवे ते ओळखायचे, हे ज्योतिष आपल्या वाडवडिलांनी सांभाळले. मला ते प्रिय आहे.

दुसरे एक ज्योतिष आहे. ते हल्ली मोबाइलवर सकाळी सकाळी येते. "या शरद ऋतूत तुमच्या राशीला जपून!" असे काहीतरी त्यात असते. माझी पुतणसून ते वाचते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र समान होतात, त्या दिवशी तिच्या मोबाइलने सांगितले की सूर्य तुळेत गेला. भिंतीवरचे पंचांग म्हणत होते की सूर्य कन्येत आहे आणि तुळेत जायला १७ ऑक्टोबर उजाडेल. तिने मला विचारले, "काकी, खरं कोण?" दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबर आहेत. एक सायन मोजतो, एक निरयन. दोन्हींत आज सुमारे चोवीस अंशांचा फरक पडला आहे. सूर्य मात्र एकच. तो आपल्या अंगणात आला, वाळत घातलेल्या मुगावरून फिरला आणि मावळला. ज्या राशीच्या नावाने आपण रात्रभर तळमळायचे, ती रास मोजणाऱ्यागणिक बदलत असेल तर तळमळायचे कशाला?

हे मी सहज म्हणून लिहीत नाही. गेल्या नवरात्रात या तळमळीपायी आमच्या घरात एक जीव जाता जाता राहिला.

माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो. वय ६७, माळकरी, ३१ वाऱ्या झालेल्या. बारा वर्षांपासून साखर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. भाद्रपदात कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या एका ज्योतिषाकडे गेल्या. त्याने साडेसाती सांगितली. यंदा पायी चाललात तर वाटेत अपघात आहे, आळंदीची वारी टाळा, आणि नवरात्राचे नऊ दिवस फक्त पाण्यावर काढा, असा उपाय दिला. अक्का घरी आल्या त्या मान खाली घालून. वारी चुकणार या धास्तीने त्यांनी नऊ दिवस पाण्यावर राहायचे ठरवले. गोळी मात्र चालूच ठेवली, कारण "औषध सोडू नका" हे डॉक्टरांचे वाक्य त्यांना पाठ होते.

तिसऱ्या माळेला दुपारी त्या देवघरासमोर बसल्या होत्या. फुले वेचायची म्हणून हात पुढे केला तर हात थरथरत होता. अंगाला दरदरून गार घाम. मी विचारले, "अक्का, काय होतंय?" तर त्या माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावे तशा बघू लागल्या. साखरेच्या माणसाला पोटात अन्न नसताना गोळी गेली की असे होते, हे मला आरोग्य केंद्रातल्या बाईंमुळे ठाऊक होते. शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून लगेच साखरेचे पाणी पाजले आणि रिक्षातून दवाखान्यात नेले. माउली, हे एवढे लक्षात ठेवा: थरथर, गार घाम, बोलण्यात गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असला, तर आधी साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखाना गाठा.

अक्का दोन दिवसांत घरी आल्या. पण त्या बोलेनात. उपास मोडला, तोही आईच्या घटासमोर, हे त्यांच्या मनाला लागले होते. डॉक्टरांनी साखर खाली आणली होती, वर नेली होती, हे दुखणे काही त्यांच्या हातातले नव्हते.

मग आमच्या दिंडीचे महाराज आले. त्यांनी अक्कांना समजावले नाही, रागावलेही नाहीत. खाली बसून चहा घेतला आणि विचारले, "अक्का, महाभारत ऐकलंय ना? पाणी, कंदमूळ, फळ, दूध, गुरूचं वचन आणि औषध, यांनी व्रत मोडत नाही असं त्यात सांगितलंय. तुम्ही साखरपाणी प्यालात ते औषध म्हणून. मग मोडलं काय?" अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. महाराज पुढे म्हणाले, "आणि साडेसातीचा हिशेब तुम्हीच करा. शनी एका राशीत अडीच वर्षं. अलीकडची एक, आपली एक, पलीकडची एक. म्हणजे बारा राशींपैकी तीन राशींना साडेसाती कायम चालू. आपल्या दिंडीत दोनशे माणसं, त्यातली पन्नासेक साडेसातीतच चालतात. तुमच्या ६७ वर्षांत ती दोनदा तरी येऊन गेली असेल. तेव्हा वारी चुकली का?"

अक्का बराच वेळ बोटे मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या खेपेला तर माझं लगीन झालं असंल." त्यावर त्या स्वतःच हसल्या. तिसऱ्या माळेनंतर मी ते हसू तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तुकोबारायांच्या गाथेत शकुन आणि भविष्य सांगत फिरणाऱ्यांवर कडक शब्द आहेत. नामाला मुहूर्त लागत नाही, ही तर हरिपाठाची शिकवणच आहे. आपण रोज हरिपाठ म्हणतो आणि तरी कुणी साडेसाती म्हटले की पोटात गोळा येतो. माणूस आहोत, यायचाच. पण त्या भीतीची किंमत शरीराने द्यावी, हे कुठल्या संताने सांगितले आहे? ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी खाणे, झोपणे, जागणे, चालणे सगळे मोजके ठेवायला सांगितले आहे. अतिखाणे जसे नको, तसे उपाशी राहून देह जाळणेही नको.

उपासाचे ताटही एकदा तपासून बघा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, ही चारही मूळची अमेरिका खंडांतली. माउलींच्या काळी यातले काहीच इथे नव्हते. तेव्हाची एकादशी फळे, दूध, कंद यांवर होत असणार. आज आपण पित्ताच्या ऋतूत तुपात परतलेली खिचडी, वर मिरची, वर तळलेली पापडी खातो आणि रात्री छाती चोळत बसतो. मी उपास सोडा म्हणत नाही. खिचडी रोज नको. राजगिऱ्याची लाही दुधात, उकडलेले रताळे, एखादे सीताफळ (साखर असेल तर तेही बेतानेच), असे काही ठेवा. भगर घेताना सुटी, ओलसर वासाची घेऊ नका. या दमट दिवसांत तिला बुरशी धरते. पीठ दळून महिनाभर ठेवू नका, लागेल तेवढेच दळा. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा; आपल्या मनाने बंदही करू नका आणि उपाशीपोटी घेऊही नका. आणि या दिवसांत डास फार. दोन दिवस ताप राहिला तर नजर उतरवून थांबू नका, रक्त तपासून घ्या. मीठमोहऱ्या तपासणीनंतरही उतरवता येतात.

कोजागरीपासून आमच्या गावात काकडा सुरू होतो तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. या ऋतूतले शरीराचे सगळ्यांत मोठे औषध मला तेच वाटते. पहाटे उठायचे म्हणून रात्री लवकर निजणे आले, रात्रीचे जड जेवण सुटले. चारला अंगावर पाणी घेऊन देवळाकडे निघताना मोकळी हवा मिळते. डोक्याला मात्र पदर, टोपी काहीतरी हवे, दव वाईट. सव्वापाचच्या सुमारास देवळाबाहेर येऊन दक्षिणेकडे तोंड करा. वर व्याध दिसेल, लखलखीत. त्याच्या बराच खाली आणखी एक तेजस्वी तारा दिसेल. हात लांब करून पंजा फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढाच क्षितिजाच्या वर. तो अगस्ती. शरदात दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले पाणी चरकाने उत्तम मानले आहे, त्याला हंसोदक म्हणतात. पावसाळ्यातले गढूळ पाणी या दिवसांत निवळते, हे आपणही बघतोच. म्हणून ओढ्याचे पाणी ओंजळीने पिऊ नका हो! तो काळ गेला. उकळून, गाळून, माठात घालून प्या.

अक्का पहिल्या दिवसापासून काकड्याला येतात. येताना एक वाटी दूध आणि दोन बिस्किटे पोटात असतात, ही महाराजांची अट. त्या पहिल्यांदा अगस्ती बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत हा कधी दिसला कसा नाही?" मी म्हटले, "अक्का, तुम्ही गाभाऱ्याकडं बघत होता." "मग बरोबरच होतं की," असे म्हणून त्या आरतीला आत गेल्या.

गेल्या वर्षी त्या आळंदीला गाडीने गेल्या. यंदा डॉक्टरांनी तपासून पायी जायला हरकत नाही म्हटले आहे, उन्हाच्या आत टप्पा संपवायचा आणि दर दोन तासांनी खायचे या बोलीवर. दिवे घाट उतरेपर्यंत त्या माझ्यासोबत चालणार, पुढे हडपसरपासून वाटले तर गाडीत बसणार. दिंडीच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिले आहे. खडीसाखरेची पुडी माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, आणि विणेकऱ्यांनाही ती कुठे आहे ते दाखवून ठेवले आहे.