आभाळातून पडलेलं कडं

आभाळात काहीतरी विचित्र दिसलं असं सांगणाऱ्याला आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक त्याला वेड्यात काढतात, दुसरी त्याच्या चार वाक्यांची दहा करून पुढे पाठवतात. त्याचं म्हणणं दोघांपैकी कुणीच नीट ऐकून घेतलेलं नसतं. उडत्या तबकड्या आणि परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांच्या दाव्यांवर माझा विश्वास नाही, आणि तो का नाही हे इथे मांडायचं आहे. पण दावा करणारा खोटारडा किंवा खुळा असतो हे मला मुळीच मान्य नाही. बहुतेक वेळा त्याने उजेड पाहिलेला असतो आणि तो उजेड खराच असतो. घोळ होतो तो पुढे, ‘काय दिसलं’ यावरून ‘ते काय होतं’ इथवर मन एका दमात जाऊन पोचतं तेव्हा.

घोटीच्या आभाळात अशा उजेडांना तोटा नाही. पावसाळाभर हा इगतपुरीचा पट्टा ढगांत बुडालेला असतो. दसऱ्याच्या सुमारास आभाळ मोकळं होतं आणि माणसांची नजर वर जाते. ज्या वर्षी शुक्र संध्याकाळचा असतो त्या वर्षी तो इगतपुरीच्या डोंगरांमागे उतरतो. क्षितिजाजवळच्या जाड हवेतून येताना त्याचा उजेड थरथरतो, लालसर होतो, क्षणात तांबडा तर क्षणात हिरवट दिसतो. नाशिकहून घोटीकडे येणाऱ्या गाडीतून पाहिलं तर तो गाडीच्या वेगाने पुढे पळतोय असं वाटतं, आणि गाडी थांबली की तोही थांबतो. मुंबईला उतरणारं विमान समोरून येत असलं की त्याचा दिवा कितीतरी वेळ एका जागी खिळलेला दिसतो आणि मग अचानक वळतो. दक्षिणेला कळसूबाईवर रात्री चढणाऱ्यांच्या विजेऱ्यांची रांग डोंगर काळोखात गेला की अधांतरी तरंगते. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे. आता त्यात स्टारलिंकच्या उपग्रहांची भर पडली: नुकतेच सोडलेले उपग्रह एकामागोमाग एक, ओवल्यासारखे जातात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच एकेक करून विझतात. खाली अंधार पडलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते दिसतात. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की स्थिर ठिपकाही सरकल्यासारखा वाटतो, कारण तुलनेला बाजूला काही नसतं आणि आपले डोळे कधीच पुरते स्थिर नसतात. शिवाय आभाळातल्या नुसत्या ठिपक्याचा आकार, अंतर आणि वेग यांपैकी एक तरी गोष्ट आधीच ठाऊक असल्याशिवाय बाकीच्या ठरवता येत नाहीत. ‘दोन किलोमीटरवर होतं, बसएवढं होतं, प्रचंड वेगाने गेलं’ या वाक्यात तीन अंदाज आहेत आणि तिन्ही एकमेकांच्या आधाराने उभे आहेत.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, अर्ध्या महाराष्ट्राने असा उजेड पाहिला. विदर्भ आणि खानदेशात, शेजारच्या मध्य प्रदेशात आणि गुजरातेतही, जळत्या निखाऱ्यांची एक रांग आभाळ ओलांडून सावकाश गेली. काही मिनिटांत मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र, कुणी पेटलेलं विमान, आणि अर्थातच कुणी परग्रहावरचं यान. काही जाणकारांनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवलं. पण या घटनेला एक शेपूट होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, गावजेवणाची तयारी चालू असताना मोकळ्या जागेत धाडकन काहीतरी पडलं: जवळपास ३ मीटर व्यासाचं, ४० किलोच्या घरातलं धातूचं कडं. दुसऱ्या दिवशी पवनपारकडे एक गोळा सापडला, नंतर आजूबाजूला आणखी. या वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या आणि इस्रोची माणसं तपासणीसाठी घेऊन गेली. अवकाशातल्या वस्तूंच्या कक्षांची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब मांडून सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. त्याची परतीची वेळ आणि वाट या उजेडाशी जुळत होती. ते गोळे म्हणजे दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या, बाहेरून तंतूंनी गुंडाळलेल्या, हलक्या आणि मजबूत, म्हणून जमिनीपर्यंत टिकलेल्या.

लाडबोरीचं कडं मला फार मोलाचं वाटतं. आभाळातून खरोखर काही येतं तेव्हा ते मागे काय ठेवतं, याचा नमुनाच त्याने दिला. वजन करता येईल असा धातू, मोजता येईल असा व्यास, मागे जाऊन तपासता येईल अशी कक्षा, रॉकेट सुटल्याची तारीख. न्यूझीलंडच्या रॉकेटचा पहिला अंदाज जुळला नाही तेव्हा तो सोडताही आला, कारण चूक कुठे आहे हे ताडून पाहायला हातात काहीतरी होतं. सरकारं परग्रहवासीयांची माहिती दडवतात, असं म्हणणाऱ्यांनाही या घटनेत उत्तर आहे. हा टप्पा कुणा सरकारने जाहीर करून पाडला नव्हता. तरी आपल्या पदरची मेहनत घालून कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या एका माणसाने त्याचा माग काढला. आभाळ कुणाच्या कुलपात ठेवता येत नाही, ते साऱ्या पृथ्वीवरून दिसतं.

कडं पडलंच नसतं तर? याचंही उत्तर इतिहासात आहे. ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेच्या अनेक राज्यांतल्या लोकांनी असाच जळत्या तुकड्यांचा तांडा पाहिला. तो सोव्हिएत संघाच्या झोंड-४ मोहिमेतल्या रॉकेटचा अवशेष होता. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉंडन यांच्या नेतृत्वाखाली तेव्हा अशा दाव्यांची तपासणी चालली होती, म्हणून लोकांनी काय सांगितलं हे लिहून ठेवलं गेलं. बऱ्याच जणांनी पाहिलं तेच नेमकं सांगितलं: सुटे उजेड, शेपट्या, आवाज नाही. पण काहींना एक लांबट, सिगारच्या आकाराचं यान दिसलं, त्याला उजळलेल्या खिडक्यांची रांग होती, आणि ते फारसं उंचावरून जात नव्हतं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. काळोखात एकाच वेगाने सरकणारे सुटे ठिपके दिसले की मन त्यांच्यामधल्या काळ्या जागेत अंग भरतं, आणि मग ठिपक्यांच्या खिडक्या होतात. त्या रात्री वर खरोखर काय होतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणूनच ही नोंद अमूल्य आहे. शिकलेली, शांत डोक्याची माणसंही जळत्या भंगारात खिडक्या पाहू शकतात. मग जिथे भंगार हाती लागलेलं नाही तिथल्या खिडक्यांवर किती भिस्त ठेवायची? हजारो लोक एकाच वेळी कसे चुकतील, असा प्रश्न येतो. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा चमचा हातात धरणारे सगळे प्रामाणिकच होते. दूध पृष्ठताणाने मूर्तीवर ओढलं जाऊन पातळ थराने खाली ओघळत होतं. चमचा रिकामा झाला हे सगळ्यांनी बरोबर पाहिलं. दूध कुठे गेलं हे पाहिलं नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की विज्ञान स्वतःच्या चौकटीबाहेरचं काही स्वीकारतच नाही. आकाशातून दगड पडतात हेही एकेकाळी विद्वानांनी हसण्यावारी नेलं होतं. यातला उत्तरार्ध खरा आहे आणि त्याची लाज विद्वानांना वाटायलाच हवी. पण ते हसू कशाने थांबलं? एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेगल गावाभोवती दगडांचा पाऊस पडला तेव्हा झां-बातिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ तिकडे गेला, गावोगाव हिंडला, शेतकऱ्यांच्या साक्षी टिपून घेतल्या, दगड कुठे कुठे पडले याचा विस्तार आखला आणि ते त्या भागातल्या खडकांपेक्षा वेगळे आहेत हे दाखवलं. आपल्या लोणारचंही तसंच. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सरोवराची नोंद केली, आणि सभोवार सगळा ज्वालामुखीचा खडक असल्यामुळे हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं जवळजवळ दीडशे वर्षं मानलं गेलं. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा आभाळातून आलेल्या एकाच आघाताने झाला, हा दावा उडत्या तबकडीपेक्षा कमी अचाट नव्हता. १९७३ मध्ये तो सिद्ध झाला तो खड्ड्याच्या खडकात सापडलेल्या एका काचेमुळे. आघाताच्या भयंकर दाबाखाली खडकातल्या स्फटिकांची घडण मोडते आणि ते न वितळता काच होऊन बसतात. ज्वालामुखी तशी काच करू शकत नाही. विज्ञानाने दार बंद ठेवलं नव्हतं. दारातून आत येण्यासाठी काच लागत होती आणि ती मिळाली.

उडत्या तबकड्यांच्या बाबतीत ही काच कुठे आहे? जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं, तिथून ही आधुनिक लाट सुरू झाली. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या; त्यातल्या ७०१ उलगडल्या नाहीत. हा आकडा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. माझ्या मते तो नोंदींच्या अपुरेपणाचा आकडा आहे. वेळ नाही, दिशा नाही, दुसरा साक्षीदार नाही, अशी नोंद न उलगडणं स्वाभाविक आहे, आणि चोर सापडला नाही म्हणून चोरी भुताने केली असं कुठला पोलिसपाटील लिहीत नाही. २०२३ मध्ये अमेरिकी संसदेपुढे एका माजी अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की सरकारकडे परकी यानं आहेत. पण ती त्याने स्वतः पाहिली नव्हती, इतरांकडून ऐकली होती. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने परग्रहावरच्या तंत्राचा कुठलाही पुरावा मिळाला नसल्याचा अहवाल दिला. खात्याच्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. यानाचा एक तुकडा दाखवा, एवढंच म्हणतो.

प्रत्यक्ष भेट झाल्याचे दावे आणखी नाजूक आहेत. १९५२ मध्ये जॉर्ज अडॅम्स्की या गृहस्थांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शुक्रावरचा माणूस भेटल्याचं जाहीर केलं. शुक्राच्या ढगांखाली काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७० मध्ये व्हेनेरा-७ हे यान तिथे उतरलं आणि त्याने शिसं वितळेल इतकं तापमान कळवलं. त्या पाहुण्याने आपल्या घराबद्दल एवढी साधी गोष्ट सांगितली असती तर आज त्या दाव्याला अर्थ असता. यांच्याहून वेगळे ते, जे खरोखर घाबरलेले असतात: मध्यरात्री जाग आली, अंग हलेना, खोलीत कुणीतरी उभं होतं, छातीवर दाब आला. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू निकामी केलेले असतात, आणि कधी कधी मन आधी जागं होतं, शरीर मागून. हा अनुभव जगभर येतो. आपल्याकडे तो आला तर मुंजा छातीवर बसला म्हणतात. अमेरिकेत १९६० नंतर तिथे मोठ्या डोळ्यांचा परग्रहवासी उभा राहू लागला. त्या माणसाची भीती शंभर टक्के खरी असते, आणि तिला हसणं हा क्रूरपणा आहे.

मग विश्वात दुसरीकडे जीव असूच शकत नाही का? असू शकतो, आणि त्याचा शोध घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण शोध कसा घ्यायचा हे जयंत नारळीकरांकडून शिकावं. ‘प्रेषित’ ही परग्रहावरून आलेल्या जिवाची कादंबरी लिहिणारा हा माणूस. अवकाशातून जीवसृष्टी आली असावी, या फ्रेड हॉयल यांच्या कल्पनेचं त्यांना आकर्षण होतं. तरी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलं काय, तर हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत भरून आणले. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुणे अशा दोन वेगळ्या प्रयोगशाळांत झाली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, त्यातल्या एकीला हॉयलचं नाव दिलं. आणि २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना सांगितलं गेलं की हे जीव पृथ्वीबाहेरूनच आले असं यावरून निश्चित म्हणता येत नाही. ज्या उत्तराची ओढ आहे तेच उत्तर हाताशी आलेलं असताना त्याला ‘अजून नाही’ म्हणणं, याहून मोठी वैज्ञानिक सचोटी मला माहीत नाही. हैदराबादचे असेच बलून विदर्भ-मराठवाड्यावरून जातात. सूर्य मावळल्यावरही तेवढ्या उंचीवर ते उन्हात चमकतात, जागचे हलत नाहीत असं वाटतं, आणि खालचे लोक बुचकळ्यात पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणात विकाराबादजवळ अशाच बलूनची कुपी शेतात उतरली, तेव्हा तबकडी आली म्हणून गाव लोटलं होतं.

म्हणून घोटीत उद्या कुणाला विचित्र उजेड दिसला तर त्याने गप्प बसू नये. घड्याळ पाहून वेळ लिहावी. कुठे उभे होतो ते लिहावं. हात लांब करून मूठ क्षितिजावर धरावी. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, तशा किती मुठी उंचीवर उजेड होता ते मोजावं. फोटोत विजेचा खांब किंवा घराचा कोपरा येऊ द्यावा. आणि सिन्नरला कुणी ओळखीचं असेल तर त्याला लगेच फोन करावा, कारण सिन्नर सरळ रेषेत ४० किलोमीटरवर आहे आणि एवढं अंतर पुरेसं आहे. घोटीत ऐन डोक्यावर दिसलेला उजेड सिन्नरहून दीड मूठ उंचीवर असेल तर तो १० किलोमीटरवर आहे, म्हणजे विमान. सहा मुठींच्या वर असेल तर ८० किलोमीटर, तिथे उल्का आणि रॉकेटचे तुकडे जळतात. तिथूनही तो जवळजवळ डोक्यावरच असेल तर उपग्रह धरावा. पश्चिमेचा उजेड दोन्ही गावांतून त्याच दिशेला, तितक्याच मुठींवर असेल, तर शुक्र.