मागें राहणाऱ्यांची तयारी

यात्रा आणि स्थलांतर हे दोन्ही प्रकार आपल्या समाजाला फार दिवसांचे परिचित आहेत, आणि दोहोंचे शिष्टाचारही ठरून गेलेले आहेत. काशीस जावयाचें तर गांवाचा निरोप घ्यावा, मागें राहणाऱ्यांस परत येण्याचें वचन द्यावें, आणि येतांना गंगेची तांबली घेऊन यावें. पोटासाठीं मुंबईस जावयाचें तर बिऱ्हाड मोडावें, भांडींकुंडीं बांधावीं, आणि घराची किल्ली भाऊबंदांच्या स्वाधीन करावी. परंतु या दोहोंच्या मध्यें पडणारा एक तिसरा प्रकार आतां घरोघरीं रूढ झाला आहे, व त्याला अद्याप नीटसें नांवही मिळालेलें नाहीं. चार-सहा महिने परदेशीं जाऊन राहावयाचें, तेथील दुकानांतून भाजीपाला आणावयाचा, नातवंडाचा पाळणा हलवावयाचा, आणि शेजाऱ्यांची ओळख होते न होते तोंच परत फिरावयाचें. यात्रा म्हणावी तर वाटेंत देव नाहीं, आणि बिऱ्हाड म्हणावें तर चूल आपली नाहीं.

आम्हां पतिपत्नींवर हा प्रसंग येत्या वैशाखांत येत आहे. आमची कन्या व जामात नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत राहतात. मुलीची ही पहिलीच वेळ. तिचे दिवस ज्येष्ठांत भरतील. कॉलेजची उन्हाळ्याची सुटी व तिला जोडून सांठलेली रजा असे चार महिने पदरांत पाडून घेऊन आम्ही दोघें निघालों आहों. आमच्या नगरास आतां यांत नवल उरलेलें नाहीं. सायंकाळीं सावेडीच्या बाजूस फिरावयास निघावें, तर कोणी नुकताच परत आलेला, कोणी निघण्याच्या बेतांत असलेला असा एखादा समवयस्क गृहस्थ भेटतोच. आणि भेटतांच तो पेट्यांच्या वजनाविषयीं बोलूं लागतो.

वजनाच्या आधीं कागद येतात. अमेरिकेचा १९५२ सालचा परदेशीयांच्या प्रवेशाविषयींचा कायदा असें गृहीत धरतो कीं, पाहुणा म्हणून परवाना मागणारा मनुष्य कायमचा राहण्यासच येत आहे. तसें नाहीं हें पटविण्याचा भार त्या मागणाऱ्यावर असतो. परवाना मिळाला तरी तो केवळ दारापर्यंत जाण्याचा. आंत किती दिवस राहावयाचें हें तेथें उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. बहुधा सहा महिने देतो. मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत मुलाखतीला जावयाचें, तेव्हां ‘आम्ही परत येऊं’ या विधानाला पुरावा काय, याचा विचार मला करावा लागला. तर्कशास्त्र शिकविण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं; परंतु भविष्यकाळाबद्दलचें विधान सिद्ध करण्याची रीत त्या शास्त्रांत नाहीं. मग मीं नोकरीचा दाखला घेतला, बँकेचें पुस्तक घेतलें, माळीवाड्यांतील घराचा उतारा घेतला. त्यांत आणखी एक गंमत अशी कीं, आमच्या जन्मस्थानाचें नांव पासपोर्टावर अहमदनगर असें आहे, आणि २०२४ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे. तेव्हां जुन्या कागदांवरचें गांव आणि नव्या कागदांवरचें गांव एकच आहे, हेंही मनांत तयार ठेवावें लागलें. मात्र ज्या एका गोष्टीसाठीं आम्ही निश्चितपणें परत येणार, ती दाखविण्याची सोय कोणत्याच रकान्यांत नव्हती. घराचा उतारा दाखवितां येतो. घरांत बसलेली चौऱ्याऐंशी वर्षांची आई दाखवितां येत नाहीं.

परवाना मिळाला, आणि तयारीचें सूत्र पत्नीच्या हातीं गेलें. विमानकंपनी माणशीं दोन पेट्या नेऊं देते, आणि प्रत्येक पेटीला तेवीस किलोंची मर्यादा. ही मर्यादा कळतांच तिनें भुसारबाजारांतून आणलेल्या जिनसांची मनांत प्रतवारी लावली. बाळंतिणीसाठीं डिंक, खारीक, सुंठ, बदाम. मुलीच्या जिभेसाठीं भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. जांवयासाठीं शेंगदाण्याची चटणी. ताजीं फळें, मांस आणि पेरण्याजोगें बीं तिकडे नेऊं देत नाहींत, आणि खाण्याचा जो पदार्थ नेला असेल तो उतरतांच सांगावा लागतो, असें मीं वाचून दाखविलें. तिनें त्यावर सर्व पदार्थांची यादी इंग्रजींत करून मागितली. मेतकुटाला इंग्रजींत काय म्हणावें, या प्रश्नावर आमची एक संध्याकाळ गेली. ‘भाजलेल्या डाळींचें पीठ’ एवढ्यावर आम्ही थांबलों. त्यांत हिंग व हळद यांचा अपमान झाला, असें तिचें मत आहे.

परंतु पेट्यांची तयारी ही तिच्या तयारीचा लहानसा भाग होती. गेला दीड महिना ती एक वही लिहीत आहे. माझी मावसबहीण राहुरीहून आईच्या सोबतीला येऊन राहणार आहे. तिच्यासाठीं ही वही. दूध कोण घालतो व त्याचा हिशेब कधीं करावयाचा, गॅसची टाकी संपत आल्याचें कशावरून ओळखावें, नळाला पाणी कोणत्या दिवशीं येतें, यांपासून तिचा आरंभ होतो. पुढें आईचें प्रकरण आहे. रक्तदाबाची गोळी सकाळीं चहाबरोबर द्यावी, परंतु ‘घेतली’ असें त्यांनीं सांगितल्यास डबी उघडून पाहावी. चष्मा सांपडेनासा झाला तर देवघरांत पोथीखालीं पाहावा. भाकरी पापुद्र्याच्या बाजूनें कुसकरून द्यावी. दुपारीं त्या गप्प बसल्या तर बोलावूं नये. संध्याकाळीं गप्प बसल्या तर मात्र जवळ जाऊन बसावें. बत्तीस वर्षांच्या सहवासाचें हें सार आहे, आणि तें लिहितांना तिला एकदांही खोडावें लागलेलें नाहीं. आपण गेल्यावर तेथें काय लागेल, याची तयारी कोणीही करतो. आपण नसतांना येथें काय अडेल, याची तयारी ज्याच्यावर घर उभें असतें त्यालाच करतां येते.

ही तयारी करीत असतां मला आमच्याच जिल्ह्याशीं नातें असलेल्या एका दांपत्याची वारंवार आठवण होते. गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे. टपालखात्यांत नोकरीला असलेल्या या विक्षिप्त परंतु जिद्दी गृहस्थानें आपल्या पत्नीला शिकविलें आणि वैद्यकीचा अभ्यास करण्यासाठीं अमेरिकेस पाठविलें, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. दोघांनीं मिळून जावें, असा त्यांचा मूळचा मनोरथ होता. तो साधेना, तेव्हां आनंदीबाई एकट्या निघाल्या. त्यांची तयारी कशी होती पाहा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर म्हणजे बंगालमधील सेरामपूर येथील कॉलेजांत त्यांनीं भर सभेंत व्याख्यान दिलें, आणि मी अमेरिकेस कां जातें, एकटी कां जातें, जातीनें वाळींत टाकलें तर काय करीन, अशा सगळ्या प्रश्नांची एकामागून एक उत्तरें दिलीं. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं सांगितलें. ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून त्यांचें जहाज सुटलें, तेव्हां वयाला अठरा वर्षें पुरीं होऊन आठवडा झाला होता. जूनमध्यें त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना आपल्या घरीं ठेवून घेतलें, त्यांचें गांव रोझेल हें न्यू जर्सींतलेंच.

लोकांच्या आक्षेपांना उत्तरें तयार होतीं. पोषाख, आहार, धर्म यांविषयींचे निश्चय तयार होते. शरीराची तयारी मात्र कोणी करूं शकलें नाहीं. तेथील थंडी व बदललेलें राहणें त्या प्रकृतीला मानवलें नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजची पदवी त्यांनीं घेतली, तेव्हां गोपाळराव तेथें येऊन पोहोंचले होते. त्याच वर्षीं अखेरीस दोघें परतलीं. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास आनंदीबाईंचा क्षयानें अंत झाला. त्यांची रक्षा पुढें कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, व न्यूयॉर्क राज्यांतील पकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती ठेवलेली आहे. परत येण्याचें वचन त्यांनीं पाळलें. तरी त्यांचा एक अंश शेवटीं तिकडेच राहिला. उलट दिशेचेंही उदाहरण नगरासच आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस उतरली, पुढें नगरास मुलींच्या शाळा चालवीत राहिली, आणि १८६२ सालीं येथेंच वारली. त्या काळीं निरोप घेणें म्हणजे बहुधा शेवटचेंच भेटणें, हें दोन्ही बाजूंस ठाऊक असे, आणि तें ठाऊक असल्यामुळें बोलावयाचें तें निघण्यापूर्वींच बोलून होत असे.

आमच्या काळीं विमान एका दिवसांत पोहोंचवितें, म्हणून हें बोलणें टाळण्याकडे मनाचा कल होतो. माझ्या आईनें तें टाळलें नाहीं. तिकिटें काढण्यापूर्वीं एकदां मीं असा विचार बोलून दाखविला होता कीं, मुलीजवळ तिच्या आईनें असावें हें योग्यच. परंतु मी येथें राहावें, म्हणजे दोन्हीकडे एकेक माणूस होईल. पत्नीला तें पटलें नाहीं. पण सासूबाईंच्या समोर ती कांहीं बोलली नाहीं. आईनें दोन दिवस जाऊं दिले, आणि मग आम्हां दोघांनाही जवळ बसविलें.

“धाकट्याच्या वेळेला बाहत्तरचा दुष्काळ होता,” ती म्हणाली. “माझी आई पाथर्डीकडं दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. एक दिवस मोडला तर घरांत दाणा नाहीं. ती आली नाहीं. येऊंच शकली नाहीं. मी तिला कधीं बोल लावला नाहीं, पण आई यायची राहिली हें मी अजून विसरलें नाहीं. त्या पोरीवर ती पाळी आणूं नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि हिला एकटीला पाठवूं नको. दिवसभर पोरीचं करील, रात्रीं बोलणार कोणाशीं?”

मी कांहीं म्हणणार, तोंच ती पुढचें बोलली. “मला कांहीं झालं, तर बर्फावर ठेवूं नका. धाकटा पुण्याहून तीन तासांत येतो. तो अग्नि देईल. तुम्ही तिथंच दहा दिवस पाळा, आणि तिच्या हातचं काम सोडूं नका.”

हें वाक्य किती घरांतून आज मनांतल्या मनांत बोललें जात असेल, याची कल्पना करावी. परदेशीं असलेल्या मुलाची वाट पाहत बर्फावर ठेवलेले देह या शहरानें पाहिले आहेत. आई अशा घरीं भेटीला जाऊन आलेली आहे. शास्त्र ज्येष्ठ पुत्राला अग्नीचा अधिकार देतें, आणि जग त्या पुत्राला दहा हजार मैलांच्या आंत कोठें तरी नेऊन ठेवतें. या दोहोंमधला ताण कोणत्याही स्मृतींत सोडविलेला नाहीं. आमच्या घरीं तो एका वृद्ध स्त्रीनें आपल्या अधिकारांत सोडविला. पुत्राचें कर्तव्य आणि पित्याचें कर्तव्य यांत थोर कोणतें, हा प्रश्न मी वर्गांत घातला असता तर त्यावर तासभर चर्चा झाली असती. तिनें त्याचें उत्तर येणाऱ्याच्या बाजूनें दिलें, आणि जाणाऱ्याचा हक्क आपण होऊन सोडला. असा हक्क ज्याचा त्यालाच सोडतां येतो. मीं तो तिच्यावतीनें सोडला असता तर तें क्रौर्य झालें असतें. तिनें तो सोडल्यावर मीं अडून बसणें हा तिच्या विचाराचा अवमान झाला असता. त्या रात्रीं मीं पुण्याला भावाशीं बोललों. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग “बरं” एवढेंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीं दोन तिकिटें काढलीं.

आतां निघण्यास आठ दिवस उरले आहेत. आईनें आपल्या जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी शिवून घेतली आहे, आणि सोनाराकडून चांदीचे वाळे आणविले आहेत. वाळ्यांचें वजन नगण्य. गोधडीसाठीं मात्र पत्नीनें भाजणीचा एक डबा काढून ठेवला. वही पुरी झाली असून ती फडताळांत खिळ्याला दोरीनें बांधलेली आहे. रोज सायंकाळीं सात वाजतां आमचा एक पाठ असतो. त्या वेळीं न्यू जर्सींत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, म्हणून हीच वेळ आम्हीं बोलण्यासाठीं नेमली आहे. मी मोबाइल घेऊन अंगणांत जातों आणि आंत माजघरांत बसलेल्या आईला फोन लावतों. पहिले कांहीं दिवस चित्रांत तिचें कपाळच तेवढें दिसे. आतां सगळा चेहरा दिसतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, असें मी विचारतों. भिंतीच्या पलीकडून तिचा आवाज एकदां प्रत्यक्ष आणि एकदां यंत्रांतून असा दोनदां ऐकूं येतो. काल तिनें मलाच विचारलें कीं, तिकडे थंडी आहे का. मीं अंगणांतल्या उकाड्यांत उभें राहून, फारशी नाहीं, असें सांगितलें. “मग ठेवतें,” म्हणून तिनें स्वतःच फोन बंद केला.