आकड्याच्या जागी आलेला अर्धविराम

साताऱ्यात इंटरनेट गेलं की गिऱ्हाइकाचा फोन केबलवाल्याला जातो आणि केबलवाल्याचा आम्हा नेटवर्क सांभाळणाऱ्यांना. तोवर आमच्या पडद्यावर एक ओळ हिरव्याची लाल झालेली असते. कुठे महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडलेली असते, कुठे पावसात टॉवरवरचा रेडिओ बसलेला असतो. हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आम्ही नुसतं ‘मॉनिटरिंग’ म्हणतो. लहान इंटरनेट कंपनी असो, पतसंस्था असो वा साखर कारखाना, आमच्या भागात ते बहुधा फुकट मिळणारं असतं. ‘कॅक्टाय’ हे त्यातलं जुनं नाव, २००१ पासूनचं. दर पाच मिनिटांनी ते एकेका राऊटरला आणि स्विचला हाक मारतं, किती डेटा गेला, यंत्र चालू आहे का, हे विचारतं आणि उत्तरांचा आलेख काढतं.

हाक मारायची तर प्रत्येक यंत्राचा पत्ता माहीत हवा आणि त्याने दार उघडावं म्हणून परवलीचा शब्दही हवा. म्हणजे साऱ्या नेटवर्कचा नकाशा आणि बऱ्याच किल्ल्या या एकाच सर्व्हरवर असतात. माझ्या मते संस्थेतलं सर्वांत जपायचं यंत्र हेच. प्रत्यक्षात मात्र बँकिंगच्या सर्व्हरला फायरवॉल, ऑडिट सगळं मिळतं आणि हा सर्व्हर कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर पडून असतो. का, तर ‘तो नुसता आलेख तर दाखवतो.’

डिसेंबर २०२२ मध्ये याच कॅक्टायमधली एक त्रुटी जाहीर झाली. गांभीर्य दहापैकी ९.८. ती समजून घेण्यासारखी आहे, कारण अशा बहुतेक त्रुटींचा सांगाडा सारखाच असतो.

मोठ्या नेटवर्कमध्ये मुख्य सर्व्हरला मदत करणारे दुय्यम सर्व्हर असतात. त्यांच्यासाठी कॅक्टायमध्ये एक वेगळं दार होतं, लॉगिन न विचारणारं. येणारा आपल्याच ओळखीच्या सर्व्हरवरून आला आहे का, एवढंच तिथे तपासलं जाई. पण तो कुठून आला हे ठरवताना त्याने स्वतःच पाठवलेल्या मजकुरावर विश्वास ठेवला जात होता. ‘मी याच सर्व्हरवरून बोलतोय’ असं कुणीही लिहून पाठवावं आणि आत यावं!

आत आल्यावर त्याने एक क्रमांक द्यायचा, आपण कितव्या सर्व्हरचे आहोत तो. क्रमांक म्हणजे आकडा. पण आलेला मजकूर आकडाच आहे ना, हे प्रोग्रॅमने पाहिलंच नाही. तो जसाच्या तसा लिनक्सला द्यायच्या हुकुमाला जोडला. लिनक्सच्या शेलमध्ये अर्धविराम आला की एक हुकूम संपतो आणि दुसरा सुरू होतो. उसाच्या गाडीच्या पावतीवर वजनाच्या रकान्यात कुणी ‘बारा टन, आणि गोदामाची किल्ली याला द्या’ असं लिहावं, आणि कारकुनाने वजन नोंदवून किल्लीही द्यावी, तसं हे. अर्धविरामापुढे जे लिहाल, ते तो सर्व्हर मुकाट्याने करणार.

यातली एक बाब मला अजून अस्वस्थ करते. हा हल्ला चालायला सर्व्हरवर एका विशिष्ट प्रकारची नोंद असावी लागते, आणि यंत्र किती वेळ चालू आहे हे मोजणाऱ्यासारख्या तयार साच्यांतून ती नोंद येते. ज्याने सॉफ्टवेअर मनापासून वापरलं, त्याच्याकडे ती असण्याचीच शक्यता जास्त.

दुरुस्ती थोडक्या ओळींची होती. आकडा म्हणजे आकडाच घ्यायचा आणि पाहुण्याने सांगितलेल्या पत्त्यावर विसंबायचं नाही. १.२.२३ ही दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. त्याच महिन्यात जगभरातले उघडे सर्व्हर शोधत फिरणारे हल्ले सुरू झाले.

आता आपल्याकडचं सांगतो. कॅक्टाय बसवणारा मुलगा सांगलीहून पुण्याला नोकरीला गेलेला असतो. पासवर्ड कुणाच्या तरी वहीत असतो. मालकाला घरून मोबाइलवर आलेख बघायचा असतो म्हणून सर्व्हरला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून कुणालाही उघडता येणारा पत्ता, दिलेला असतो. राऊटरांचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच ‘पब्लिक’ राहिलेला असतो. पॅच, म्हणजे दुरुस्ती, मारायचा कुणी, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. यात त्या मुलाला दोष देणं मला पटत नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणजे त्याची देखभालही फुकट होईल, हा हिशेब संचालक मंडळाचा असतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्या हल्ल्याची वाट वेगळी होती, पण चोर तिथेही शाखेच्या काउंटरवर आला नव्हता. पडद्यामागच्या यंत्रणेतून आला होता. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावा लागतो आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रांच्या कामाच्या नोंदी, जपावे लागतात. लॉगच नसतील, तर लक्षात तरी कशावरून येणार?

नव्या ठिकाणी गेलो की मी ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून त्यांच्या मॉनिटरिंगचा पत्ता उघडतो. लॉगिनचं पान दिसलं, तर आधी ते बाहेरच्यांसाठी बंद करतो. मालकाला आलेख बघायला व्हीपीएन देता येतं. मग आवृत्ती तपासतो, लॉगची प्रत काढून ठेवतो आणि एकेका राऊटरचा परवलीचा शब्द बदलायला घेतो. जुनी आवृत्ती बरेच दिवस उघडी राहिली असेल, तर नुसत्या अपडेटवर माझं समाधान होत नाही. तो सर्व्हर पुसून नव्याने उभा करावा लागतो.