सोन्याचा घुमट आणि शनिवारचा सामना

अमेरिकेहून परत आलेला आपला माणूस नायगाऱ्याचे वर्णन करतो, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचे करतो, आणि घरचे कोणी तिकडे शिकत असेल तर त्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचेही करतो. त्याच विद्यापीठाच्या फुटबॉलबद्दल मात्र तो सहसा चकार शब्द काढत नाही. विद्येच्या ठिकाणी खेळाचे एवढे स्तोम कशासाठी, अशी एक मध्यमवर्गीय अढी आपल्या मनात असतेच. आमच्याही सामानात ती होती. पण अमेरिकन माणसापुढे एखाद्या विद्यापीठाचे नाव काढावे, तर पुष्कळदा त्याला तिथले प्राध्यापक आठवायच्या आधी तिथला संघ आठवतो. तेव्हा या प्रकाराकडे काणाडोळा करून अमेरिका कळायची नाही, हेही तितकेच खरे.

हा फुटबॉल आपला नव्हे, हे आधी सांगून टाकतो. यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. पायांचा उपयोग मुख्यतः धावण्यासाठी. अकरा जणांनी अकरा जणांवर तुटून पडायचे आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. असे इंच इंच लढत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. आमच्या सौभाग्यवतींनी पाच मिनिटे पाहून निकाल दिला, “ही कबड्डीच आहे, फक्त चिलखत घालून!”

या खेळात थोर म्हणून गणली जाणारी विद्यापीठे अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मिशिगनने २०२३ साली आपला हजारावा विजय मिळवला. त्याच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. अलाबामाला बेअर ब्रायंट आणि निक सेबन या दोन गुरूंनी प्रत्येकी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. पण नुसत्या विजयांनीच थोरवी येत असती, तर येल आणि प्रिन्स्टन आजही पहिल्या पंगतीत असती. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापुढे उभे राहण्याची कोणाची छाती नव्हती. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा संघ १९४४ आणि १९४५ साली देशात पहिला होता. आज या संघांचा मान आहे, दरारा नाही. मग दरारा टिकतो कशाने? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला शिकागो आणि तिथून नव्वद मैलांवरच्या साउथ बेंड या दोन गावांच्या दरम्यान सापडले.

शिकागोला आमचा भाचा शिकतो. त्याने पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या भव्य रेगेनस्टाइन ग्रंथालयात नेले. तिथे दक्षिण आशियाविषयीचा मोठा ग्रंथसंग्रह आहे आणि त्यात मराठी पुस्तकेही आहेत. परदेशातल्या कपाटात आपली लिपी दिसली की उगीचच ऊर भरून येतो. आम्ही असे भारावलेले असताना भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही उभे आहात ना, तिथे पूर्वी फुटबॉलचे मैदान होते.”

आणि मैदानही साधेसुधे नव्हते. एमॉस अलोंझो स्टॅग या गुरूने १८९२ पासून चाळीस वर्षे शिकागोचा संघ घडवला. आपल्या विभागातल्या बलाढ्य विद्यापीठांत या संघाने सात वेळा अजिंक्यपद मिळवले. देशातल्या सर्वोत्तम विद्यार्थी-खेळाडूला मिळणारा हाइझमन चषक १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला, तो शिकागोच्याच जे बर्वँगरला. पण कुलगुरू रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठात हा खेळ नकोसा होता. १९३९ साली मिशिगनने शिकागोला ८५-० असे धुतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाने संघच विसर्जित केला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच ओस पडलेल्या क्रीडांगणाच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी सुरू केली. पुढे सज्जे पाडले गेले आणि १९७० साली तिथे हे ग्रंथालय उभे राहिले. १९६९ पासून शिकागोचा संघ पुन्हा खेळू लागला, पण खालच्या श्रेणीत, हौसेपुरता.

म्हणजे विजय होते, गुरू होता, चषक होता. तरी सारे सोडून देता आले, आणि विद्यापीठाचे काही बिघडले नाही. सौभाग्यवतींना हे फारच पसंत पडले. “बरे केले! मुले अभ्यासाला लागली.” भाचा हसला आणि म्हणाला, “मामी, शनिवारी साउथ बेंडला जाऊ. मग बोला.”

शिकागोहून साउथ बेंडला विजेची आगगाडी जाते. गॅरीचे पोलादाचे कारखाने मागे पडतात, मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्या लागतात आणि मग मक्याची शेते. वाटेत घड्याळही एक तास पुढे करावे लागते. डब्यात जिकडेतिकडे निळे आणि हिरवे सदरे. नातवाला घेऊन आजोबा निघालेले, चार पिढ्यांचा जथा निघालेला, आणि भाचा कानात सांगत होता, “यांतले पुष्कळ जण या विद्यापीठात शिकलेलेच नाहीत!”

हे विद्यापीठ म्हणजे नोत्र दाम. १८४२ सालच्या नोव्हेंबरात एडवर्ड सोरँ नावाचा तरुण फ्रेंच धर्मगुरू काही सोबत्यांसह इथल्या बर्फाळ तळ्याकाठी आला आणि त्याने कॅथलिक विद्यालयाचा पाया घातला. १८७९ मध्ये मुख्य इमारत जळून गेली. काही महिन्यांतच ती पुन्हा उभी केली. तिच्यावरच्या घुमटाला पुढे सोन्याचा मुलामा दिला. उन्हात तो घुमट लांबूनच झळकतो. खेळाडूंची शिरस्त्राणे त्याच सोनेरी रंगाची असतात.

इथे १८८७ साली फुटबॉल आला तो मिशिगनच्या विद्यार्थ्यांनी शिकवला म्हणून. शिकवून झाल्यावर त्यांनी नोत्र दामला ८-० असे हरवलेही! पुढे आसपासच्या मोठ्या विद्यापीठांच्या मंडळात या कॅथलिक विद्यालयाला जागा मिळेना. त्या काळी अमेरिकेत कॅथलिक म्हणजे आयरिश, पोलिश, इटालियन असे गरीब, उपरे लोक. हमाली आणि गिरणीकाम करणारे. शेजारी कोणी खेळायला घेईना, म्हणून संघ गाडीत बसून दूरदूर जाऊ लागला. न्यूयॉर्क, पुढे लॉस एंजेलिसही. हीच त्याची भाग्यरेषा ठरली.

१९१३ च्या उन्हाळ्यात गस डोराय आणि नूट रॉक्नी हे दोन विद्यार्थी ओहायोतल्या एका सरोवराकाठच्या विश्रामस्थळी नोकरीला होते. फावल्या वेळात वाळूवर एकाने चेंडू लांब फेकायचा आणि दुसऱ्याने पळता पळता झेलायचा, असा सराव त्यांनी केला. पुढे फेकण्याची मुभा नियमांत होती, पण तिच्यावर कोणी फारसा भरवसा ठेवत नसे. त्याच वर्षी या जोडीने वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला ३५-१३ असे हरवले आणि साऱ्या देशाने कान टवकारले.

हा रॉक्नी जन्माने नॉर्वेचा. शिक्षण औषधशास्त्राचे, काही काळ त्याने इथे रसायनशास्त्रही शिकवले. १९१८ पासून तेरा वर्षे तो संघाचा गुरू होता. १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबऱ्या, असा त्याचा हिशेब आहे. पण रॉक्नीचे मोठेपण केवळ आकड्यांचे नाही. गोष्ट सांगावी कशी, हे त्याला कळत होते. जॉर्ज गिप हा त्याचा लाडका खेळाडू १९२० साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी आजाराने गेला. आठ वर्षांनी, लष्करी संघाविरुद्धच्या अवघड सामन्याच्या मध्यंतरात, रॉक्नीने मुलांना गिपची म्हणून शेवटची इच्छा सांगितली: कधी संकटात सापडलात तर माझ्यासाठी एक सामना जिंका. मुलांनी तो १२-६ असा जिंकला. गिप असे काही बोलला होता की नाही, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. गोष्ट मात्र अमर झाली. १९४० च्या चित्रपटात गिपचे काम रोनाल्ड रेगन या नटाने केले. हा नट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, तरी ‘गिपर’ हे नाव त्याला चिकटले ते कायमचेच.

मैदानाबाहेरही तो काळ कसोटीचा होता. १९२४ च्या मे महिन्यात कू क्लक्स क्लॅन ही कॅथलिकांचा द्वेष करणारी संघटना साउथ बेंडमध्ये जमली, तेव्हा नोत्र दामच्या विद्यार्थ्यांची तिच्याशी रस्त्यात झटापट झाली. त्याच वर्षी संघ एकही सामना हरला नाही. न्यूयॉर्कच्या गोदीतला आयरिश हमाल, पेन्सिल्व्हेनियातला पोलिश खाणकामगार, यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती. पण रेडिओवर ‘आपल्या पोरांचा’ सामना ऐकताना त्यांची मान ताठ होत असे. न्यूयॉर्कमध्ये भुयारी गाडीने सामन्याला जाणाऱ्या अशा लोकांना ‘भुयारी गाडीतले माजी विद्यार्थी’ असे गमतीचे नाव पडले. आगगाडीतले ते आजोबा याच वंशातले. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये विमान कोसळून रॉक्नी गेला, तेव्हा देशभर माणसे हळहळली.

इथे आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. शिकागोला संघ शोभेसाठी होता. नोत्र दामच्या लोकांना तो मानासाठी हवा होता. शोभा उतरवून ठेवता येते. मान तसा उतरवून ठेवता येत नाही.

उरलेले अर्धे उत्तर पडत्या काळात आहे. रॉक्नीनंतर फ्रँक लीही आला. १९४६ ते १९४९ या चार हंगामांत त्याचा संघ एकदाही हरला नाही. पण १९५६ साली दहांपैकी आठ सामने गेले आणि १९६० साली पुन्हा तेच. मग आरा पार्सिगियन, डॅन डिव्हाइन, लू होल्ट्झ यांनी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपदे आणली. शेवटचे १९८८ चे. त्यानंतर आजवर एकही नाही! २०२५ च्या जानेवारीत संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तो ओहायो स्टेटने जिंकला. आणि तरीही १९७३ ते २०१९ पर्यंत इथल्या सलग २७३ सामन्यांची तिकिटे संपली होती. जिंकणाऱ्यांच्या मागे कोणीही धावतो. हरणाऱ्याच्या पाठीशी मुलांना, नातवंडांना घेऊन उभे राहणारे लोक ज्याला लाभले, त्याचे घराणे झाले.

या घराण्याने काही व्रतेही पाळली. दुसऱ्या महायुद्धात मुले लढाईवर गेली आणि विद्यापीठ रिकामे पडू लागले, तेव्हा अमेरिकन नौदलाने इथे प्रशिक्षण सुरू करून ते सावरले. त्या उपकाराची आठवण ठेवून नोत्र दाम नौदल विद्यालयाशी खेळत राहिले. १९२७ पासून २०१९ पर्यंत या सामन्यात एका वर्षाचाही खंड नाही. मधली सलग त्रेचाळीस वर्षे नौदल हरले. २००७ साली ते एकदाचे जिंकले.

दुपारी मुख्य इमारतीकडून वाद्यवृंद निघाला आणि त्याच्यामागून माणसांचा पूर. क्रीडांगण १९३० सालचे. रॉक्नीचा शेवटचा हंगाम याच मातीवर झाला. आज इथे सत्याहत्तर हजारांवर माणसे मावतात. विद्यार्थी सामनाभर उभेच असतात, आणि गुण झाला की एखाद्याला डोक्यावर तोलून जोर काढायला लावतात. उत्तरेला ग्रंथालयाची उंच इमारत आहे. तिच्यावर १९६४ सालचे येशू ख्रिस्ताचे प्रचंड भित्तिचित्र आहे. त्यातले दोन्ही हात वर उचललेले. नेमकी पंचाची गुण झाल्याची खूण! शिकागोत मैदानाच्या जागी ग्रंथालय आले, इथे ग्रंथालय मैदानाकडे पाहत उभे आहे.

“पण ही मुले शिकतात केव्हा?” सौभाग्यवतींनी विचारलेच. प्रश्न रास्त आहे. थिओडोर हेसबर्ग हे धर्मगुरू १९५२ ते १९८७ अशी पस्तीस वर्षे इथले अध्यक्ष होते. फुटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे नाव विद्येसाठीही घेतले जावे, म्हणून ते झटले. ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. १९७२ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला.

दुसरा प्रश्न पैशांचा. क्रीडांगण भरायचे, दूरचित्रवाणीचे करार व्हायचे, आणि हाडे मोडून घेणाऱ्या मुलांच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही पडायचे नाही. पुष्कळ वर्षे हा अन्याय परंपरेच्या नावाखाली खपला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलरची. मुलांना त्यांचे मिळाले, हे योग्यच झाले. पण आता खेळाडू दर वर्षी जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठाकडे जाऊ लागले आहेत. ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, असे झाले तर आजोबांनी नातवाला सांगायचे काय, ही चिंता इथल्या जुन्या मंडळींना आहे.

साउथ बेंडने एक मोठा घाव आधीच सोसला आहे. इथला स्टुडबेकर मोटारींचा कारखाना म्हणजे गावाचे पोट. १९३२-३३ मध्ये त्या कंपनीने ‘रॉक्नी’ नावाची मोटारही काढली होती. १९६३ च्या डिसेंबरात कारखाना बंद पडला आणि हजारो घरांची मिळकत गेली. पुढच्याच वर्षी पार्सिगियन आला आणि पहिले नऊ सामने ओळीने जिंकले. त्याने गेलेले पगार परत आले नाहीत. पण शनिवारी गाव ताठ मानेने उठत असे, आणि कठीण दिवसांत माणसाला तेवढाही आधार पुरतो.

तुमचे कोणी तिकडे शिकत असेल, तर एकदा शनिवारचा सामना पाहाच. हंगाम ऐन आपल्या दिवाळीच्या सुमाराचा. झाडांची पाने लाल-पिवळी झालेली असतात आणि वारा बोचरा असतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी न्यावी. नियम कळले नाहीत तरी चालतील. मैदानाकडे थोडा वेळ पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावे. संघ थोर कशाने होतो ते तिथे बसलेले असते.