बियाणं एकाच्याच हातात गेलं की



आपल्या भागात बीडकडनं ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांतली बरीच माणसं गावाकडं कापूस करतात. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न निघतोच. एकाच कंपनीच्या हातात सगळं गेलं, तर आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचं खरंच नुकसान होतं का? माल चांगला असला तर मालक एक असो नाहीतर दहा, आपल्याला काय करायचंय?

त्यांच्या कापसाचंच बघू. २००२ साली महिको-मोन्सॅन्टोच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांच्या आसपास, त्यात निम्म्याहून जास्त तंत्रज्ञानाची फी. तरी लोकांनी घेतलं, कारण हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या. हे मान्य करायलाच पाहिजे. कंपनीनं नुसतं लुटलं म्हणणं खोटं होईल.

पण भावाचं बघा. २००६ ला आंध्र सरकार एमआरटीपी आयोगाकडं गेलं आणि तिथं पाकीट ७५० वर आलं. महाराष्ट्रातही भाव उतरला. पाकीट तेवढंच, मग आधीचे वरचे पैसे कशाचे? दुसरा विकणारा नव्हता, त्याचे. पुढं २०१६ ला केंद्रानं बीजी-२ चा भाव ८०० ठरवला, त्यात फी फक्त ४९ रुपये. २०२० ला ती फी शून्य झाली.

म्हणजे भाव सरकारला उतरवता आला. दुसरं नुकसान मात्र भरून निघालं नाही. दुकानात ४० च्या वर कंपन्यांची पाकिटं, नावं निरनिराळी, आत तंत्रज्ञान बहुतेक एकाच घरचं. देशातला ९० टक्क्यांच्या वर कापूस बीटी झाला. गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात बोंडं आतून पोखरून निघाली. तेव्हा शेतकऱ्यानं वळायचं कुठं? संकरित असल्यामुळं घरचं बी धरता येत नाही, आणि सरळ वाणाचं बी दुकानातनं जवळजवळ गेलेलं. भाव बांधल्यावर कंपनीनं पुढच्या वाणाचा अर्जही २०१६ ला मागं घेतला.

आता आपल्या हुपरीच्या शिवारात या. को ८६०३२ हा ऊस कोइंबतूरच्या सरकारी संस्थेनं काढला, पाडेगावच्या केंद्रानं आपल्याकडं तपासून शिफारस केली. रॉयल्टी नाही, पाकीट नाही. शेजाऱ्याच्या फडातनं बेणं आणायचं, लावायचं, उरलं तर पाव्हण्याला द्यायचं. इथं मालक कोणीच नाही. तरी बांधाबांधानं फिरून बघा, बहुतेक रानात तोच एक वाण. उद्या त्याच्यावर एखादा रोग बसला, तर कंपनी नसतानाही आपण कापसावाल्याच्याच जागी जाऊन उभं राहणार.

म्हणून माझं मत असं की, एकाच्या हातात असण्यानं खिशाला चाट बसते ती दिसते तरी, पण बांधावरचा दुसरा पर्याय संपतो ते अडचण आल्यावरच कळतं. कापसावाल्याचा पर्याय बाजारानं संपवला, आपला आपणच संपवतोय. आपल्या हातात अजून बेणं आहे, आणि कायद्यानं ते ठेवायचा, बदलायचा हक्कही आहे.

यंदाच्या लागणीत निदान पाच-दहा गुंठे दुसऱ्या वाणाला द्या. चोपण रान असलं तर फुले २६५ चा विचार करा. तुमच्याकडं ८६०३२ सोडून कुठला वाण आहे, जमीन कसली, एकरी किती टन पडला, ते खाली लिहा. बेणं कुणाकडं मिळतंय तेही सांगा.