बाविसावा दिवस

एकविसाव्या दिवसाची मला कधी भीती वाटली नाही. अंडी ताजी असली, कळपात कोंबडा असला आणि खुडूक कोंबडी थाऱ्यावर बसली असली, तर एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतातच. त्यात माझं कर्तृत्व काही नसतं. माझा जीव अडकतो तो बाविसाव्या दिवशी. आठ-नऊ पिल्लं पंखांखालून डोकावत असतात, दोन-तीन तर पाटीच्या काठावर चढून चोची मारत असतात. कोंबडी अर्धी उठलेली असते आणि तिच्या पोटाखाली अजून तीन-चार अंडी तशीच असतात. त्यांतलं कुठलं जिवंत आहे?

कोंबडीची अडचण मला समजते. कवचातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर ते दोन दिवस, फार तर तीन दिवस काढतं. तेवढीच मुदत तिच्या हाती असते. बसून राहिली तर निघालेली उपाशी, उठली तर राहिलेली गार. बहुतेक कोंबड्या निघालेल्यांची बाजू घेतात. बाविसाव्या दिवशी दुपारी म्हणा, तेविसाव्याच्या सकाळी म्हणा, ती आवाज देत पाटीबाहेर पडते आणि मागे बघत नाही. मी तिला निर्दय म्हणणार नाही. पण पाटीत राहिलेल्या अंड्यांचा निवाडा करायला मग मीच उरते.

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत हा निवाडा गेली कित्येक वर्षं माझ्या कानांनी केला. विसाव्या दिवसाच्या सुमाराला पिल्लाची चोच अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत घुसते. तिथे ते पहिला श्वास घेतं आणि तिथूनच त्याला आवाज फुटतो. अंडं कानाला लावून तो ऐकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण पोटाखालचं ऊबदार अंडं काढून लगेच कानाला लावलं तर ते बहुधा गप्प असतं, कारण त्याला तक्रार करण्यासारखं काही नसतं. ते थोडा वेळ उघड्या तळहातावर राहू द्यावं. गारवा लागला की आतलं पिल्लू ओरडतं, आणि ओरडण्यात दोन तऱ्हा असतात. एक बारीक, लांबवलेली चिवचिव, ती गारठ्याची. दुसरी आखूड टिकटिक, ती श्वासाबरोबर येते. मार्गारेट व्हिन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी 1960 च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखवलं, की एकमेकांना चिकटून असलेली अंडी ही टिकटिक ऐकतात आणि मागे पडलेलं पिल्लू पुढच्यांना गाठतं. कोंबडीचं अंडं लाव्याइतकं घाई करत नसेल, पण मागे राहिलेली अंडी मी कधी वेगवेगळी ठेवत नाही. शेवटपर्यंत एकाला एक टेकूनच ठेवते.

चिवचिव आहे आणि टिकटिक नाही, तर अजून वेळ आहे. दोन्ही आहेत, तर रात्रीत कवचाला तारा पडणार, म्हणजे चोचीने ताऱ्यासारखी पहिली भेग पडणार. नुसती टिकटिक आहे आणि तीही अडखळती, तर पिल्लू थकलंय. हे तिन्ही मला अंधारात, पावसाच्या आवाजातसुद्धा कळायचं. शेजारच्या वाड्यांतल्या बायका ओच्यात अंडी घालून माझ्याकडे यायच्या. मी कान लावायचे आणि सगळ्या जणी गप्प व्हायच्या. ती शांतता मला फार आवडायची. अंड्यापेक्षा त्या शांततेसाठी मी कान जरा जास्त वेळ लावून ठेवायचे, हे आज लिहून टाकते.

आता मला ते ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने उंच पट्टीचे आवाज आधी जातात, बोलणं नंतर. खरं आहे. माणसांचं बोलणं मला नीट कळतं, भांड्यांचा आवाज कळतो, कोंबडा आरवलेला कळतो. अंडं मात्र मुकं झालं. कानाचं यंत्र लावून पाहिलं, तर अंड्याऐवजी माझ्याच केसांची खरखर मोठी झाली. हे मी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. बायका अंडी आणत राहिल्या आणि मी कान लावत राहिले. तेव्हा मी निवाडा हाताने करत होते. जिवंत अंडं तळहातावर एका बाजूला जड लागतं आणि त्याची ऊब मेलेल्या अंड्यापेक्षा उशिरा उतरते. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवण्याची कला दोन हजारांहून अधिक वर्षांची आहे आणि तिथले जुने कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखतात, हे वाचल्यावर मीही पापणी वापरू लागले. पापणी खोटं बोलत नाही. पण पापणीला ऊब कळते, पिल्लू थकलंय की निवांत आहे हे कळत नाही.

पाण्याची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. कोमट पाण्यात अंडं सोडायचं, जिवंत असलं तर ते डोलतं, मेलेलं नुसतं तरंगतं. मी ती कधी केली नाही आणि आताही करत नाही. कवचाला केसाएवढी चीर गेली असेल तर पाणी आत जातं, आणि बाविसाव्या दिवशी चीर गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. जे पिल्लू वाचवायला निघालो, त्यालाच बुडवण्याची ही परीक्षा आहे. तसंच कवच फोडून पिल्लाला ‘मदत’ करणं. आतल्या पापुद्र्यात रक्त खेळत असतं आणि बलक पुरता आत गेलेला नसतो. कवचाला तारा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत पिल्लाला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो आणि तो त्याला लागू द्यावा. कोंबडी उठून गेली असेल तर ऊब द्यावी, ओल द्यावी. मऊ सुती लुगड्याचा तुकडा कोमट पाण्यात पिळून अंड्यांवर घालावा आणि चुलीशेजारी ठेवावं. नख लावू नये.

अंडी मागे का पडतात, यावर मी जितका विचार केलाय तितका संसारातल्या कुठल्याच गोष्टीवर केला नसेल. काही कारणं साधी आहेत. आठवड्यापेक्षा जास्त साठवलेलं अंडं उशिरा फुटतं. थोराड अंडं उशिरा फुटतं. पाटीच्या कडेला राहिलेल्या अंड्याला ऊब कमी लागते. कोंबडी आतली बाहेर आणि बाहेरची आत फिरवत असते, पण पंधरावर अंडी घातली की तिच्याही अंगाला मर्यादा येते. आणि खुराड्यातल्या दुसऱ्या कोंबडीने मधेच त्याच पाटीत अंडं घातलं, तर ते सगळ्यांच्या मागे राहणारच. म्हणून बसवतानाच प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ मारायची, म्हणजे मागाहून घातलेलं ओळखू येतं. ही रेघ न मारता कोंबडी बसवणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

सासूबाई पाटीत राखेवर भुसा, त्यावर सीताफळाचा पाला घालायच्या आणि कडेला लोखंडाचा तुकडा, कोळसा आणि लाल मिरची ठेवायच्या, वळवाच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. पाल्याने उवा कमी होतात, हे मी पाहिलंय. लोखंडाचं मला सांगता येणार नाही, पण ते मी आजही ठेवते.

वाडीतल्या आम्ही चार-पाच जणी जमेल तेव्हा एकाच रात्री कोंबड्या बसवतो. याची सुरुवात मानमोडीच्या लसीमुळे झाली. लासोटा या लसीची कुपी शंभर पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण फोडणार? पिल्लं एकाच दिवशी निघाली की एकच कुपी सगळ्यांना पुरते, आठवडाभरात सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडतात. त्यातूनच बाविसाव्या दिवसावर एक तोडगा निघाला. दोन कोंबड्यांची पिल्लं रात्री एकीच्या पंखाखाली सरकवायची आणि राहिलेली सगळी अंडी दुसरीखाली. एक चरायला जाते, एक बसून राहते. पण मागची पिल्लं निघेपर्यंत दोन-तीन दिवस गेले की पुढची आई त्यांना टोचते. आपली कोणती हे तोवर तिने ठरवून टाकलेलं असतं. मग एवढ्याशा दोन पिल्लांसाठी एक अख्खी कोंबडी दोन महिने अंड्याविना अडकते. तरीही निवाडा करायचा राहतोच. मेलेल्या अंड्यांवर दुसरीला किती दिवस बसवून ठेवायचं?

म्हणून मी शेवटी शेजारच्या मुलीला बोलावलं. बारा वर्षांची आहे. तिला मी अंडं कसं धरायचं ते दाखवलं आणि कानाला लावायला सांगितलं. ‘‘आजी, हे बोलतंय,’’ ती म्हणाली. मी विचारलं, कसं बोलतंय? तिने आधी चिवचिव करून दाखवली, मग जिभेने टाळ्यावर टिकटिक. अडखळती टिकटिक मी तिला कधी सांगितली नव्हती. तिसऱ्या अंड्याला तिने ती स्वतःहून वेगळी काढली. मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की बायका आता तिच्याभोवती गप्प उभ्या राहतील.

पलीकडच्या गावात अंडी उबवायचं मशीन आलंय. 37.5 अंश, ठरल्या तासाला ट्रे फिरतो, शेवटचे तीन दिवस ओल वाढवतात. शंभरातली ऐंशी निघाली तर मालक खूश. मशीनला बाविसावा दिवस नाही. ठरल्या वेळी ट्रे बाहेर येतो आणि उरलेली अंडी उकिरड्यावर जातात. ज्याला पाचशे पिल्लं विकायची आहेत त्याने दुसरं काय करावं, हे मला कळतं. पण ती पिल्लं परसात सोडली की पहिल्याच आठवड्यात घार, मुंगूस आणि भारद्वाज हिशेब करतात. कोंबडीला घारीसाठी वेगळा आवाज असतो, लांब आणि दबका. तो आला की पिल्लं असतील तिथे जमिनीला चिकटतात. कुत्र्या-मुंगसासाठी वेगळा, तुटक आणि चढता. तेव्हा ती तिच्याकडे धावतात. वाळवी सापडल्याचा आणखी वेगळा. मशीनच्या पिल्लाला यातलं एकही अक्षर येत नाही. आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकतात त्या पिल्लांबद्दल तर मी बोलतच नाही. ती बहुतेक लेअर जातीचे नर असतात, हॅचरीला नको झालेले. ते पोरांच्या हातात देणं हे पाप आहे.

मला खरा राग आहे तो आपल्याच परसाबद्दल. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींतून खुडूक होणं माणसाने निवडून निवडून काढून टाकलं. ती कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते आणि एकावरही बसत नाही. कडकनाथही क्वचितच नीट बसते. आपली गावठी 50-60 अंडी देते, कारण दर पाळीला ती बसते आणि पिल्लांमागे दीड-दोन महिने घालवते. ते बसणं आपल्याला नुकसान वाटतं. म्हणून तिच्या नाकपुडीत पीस घालतात, पाण्यात बुडवतात, पाय बांधून ठेवतात. नाहीच सुधारली तर चैत्रातल्या जत्रेच्या आधी बाजारात नेतात. म्हणजे जी सर्वांत मन लावून बसते तीच आधी कापली जाते, आणि जी बसत नाही तिची अंडी पुढच्या वर्षी बसवली जातात. हेच चालू राहिलं तर परसात अंडी असतील आणि त्यांवर बसायला कुणी नसेल. असिल पाळणारे लोक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे निघाले. झुंजीच्या नादाने का होईना, त्यांनी आया सांभाळल्या.

माझ्याकडे एक तांबडी कोंबडी होती. ती बाविसाव्या दिवशी उठायची नाही. निघालेली पिल्लं अंगावर घेऊन ती तेविसावा दिवसही बसून काढायची. दाणा-पाणी पाटीशी ठेवलं तर पिल्लं तिथेच टिपायची आणि ती तशीच बसून राहायची, आतून आवाज येतोय तोवर. आवाज संपला की उठायची. तिच्या पाटीत माझ्या कानाची कधी गरज पडली नाही, आणि खरं सांगते, त्यामुळे ती मला फारशी आवडायची नाही. पंखांनी देखणी आणि अंड्यांना पुढे असलेली दुसरी माझी लाडकी होती, आणि ती बाविसाव्या सकाळीच पाटी सोडायची. तांबडीच्या तलंगा मी तरीही ठेवल्या. त्यांतल्या दोघी आईसारख्याच थांबतात. गेल्या माघात मी कळप निम्मा केला. लाडकीचा वंश विकला आणि थांबणाऱ्यांचा ठेवला. आता मी कोंबडी निवडते ती अंड्यांवरून नाही, रंगावरूनही नाही. तेविसाव्या सकाळी ती कुठे असते, त्यावरून निवडते.

मुलगी येते, ऐकते, सांगते. तिचा कान चांगला आहे आणि तो पन्नास वर्षं टिकेल. पण जिला ऐकावंच लागणार नाही अशी कोंबडी तिच्या हाती द्यावी, असं मला वाटतं. तुमच्या परसात खुडूक झालेली गावठी असेल तर तिच्या नाकात पीस घालू नका. अंडी नसतील तर शेजारणीकडून मागा, कोळशाची रेघ मारा आणि तिला बसवा. ती तेविसाव्या दिवशीही पाटीत दिसली, तर कितीही दाम आला तरी तिला बाजारात नेऊ नका. तिच्या तलंगा वाडीत वाटा.